नोंद चुकली, दोष कोणाचा?

कळंब तालुक्यातील कापूस-सोयाबीन पिकविणारा शेतकरी आपली जमीन एकरांत जाणतो, सातबारा मात्र ती हेक्टर आणि आरमध्ये सांगतो. आणि १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे पेऱ्याची नोंद ज्याची त्याने मोबाईलवर करावयाची असल्याने, दोन एकरांचे ०.८१ हेक्टर करण्याचे जे काम पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात होत असे, ते आता बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या बोटावर येऊन पडले आहे. तेथे एक दशांशचिन्ह सरकले, तर हमीभावाच्या खरेदीपासून नुकसानभरपाईपर्यंत सगळीकडे त्याची वाट अडते, आणि ‘नीट भरले का नाही?’ हा सवाल मात्र त्यालाच ऐकावा लागतो.

हा सवाल मला अन्यायाचा वाटतो. लिहिणारा माणूस चुकणारच, हे जुन्या महसुली आणि बँकेच्या व्यवहाराने गृहीत धरले होते. धनादेशावर रक्कम अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहावयाची, फेरफार प्रमाणित होण्यापूर्वी हरकतीस १५ दिवस द्यावयाचे, नोंदी चावडीवर मोठ्याने वाचून दाखवावयाच्या, या सर्व रीती रुजुवातीच्याच होत्या. सातबाऱ्याचे संगणकीकरण झाल्यावर २०१७मध्ये शासनाला गावोगाव चावडीवाचन घ्यावे लागले, ते उगाच नव्हे.

अशा रुजुवातीच्या जागी केवळ इशारा देऊन भागत नाही. डिसेंबर २००५मध्ये टोकियोच्या बाजारात मिझुहो या पेढीला एक समभाग ६,१०,००० येनला विकावयाचा होता. प्रत्यक्षात ६,१०,००० समभाग एकेक येनला विक्रीस निघाले. पडद्यावर सूचना आली होती, ती ओलांडली गेली, आणि सुमारे ४,००० कोटी येन बुडाले. पदोपदी उमटणारी सूचना माणूस वाचेनासा होतो. याउलट आधारचा बारावा अंक आधीच्या अकरांवरून गणिताने ठरतो. व्हरहूफ या डच गणितज्ञाने १९६९मध्ये मांडलेल्या या पद्धतीमुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर तो क्रमांक तत्काळ अग्राह्य ठरविता येतो. बँकेत मात्र रक्कम वर्षानुवर्षे केवळ खातेक्रमांकावर जमा होत राहिली. एनईएफटी-आरटीजीएस करताना पैसे पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव दिसावे, यासाठी रिझर्व्ह बँकेला १ एप्रिल २०२५ची मुदत घालून द्यावी लागली.

पीक पाहणीत केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सवलत आहे, ती स्तुत्यच होय. परंतु अधिकार अभिलेखात एकदा मुरलेल्या लेखनप्रमादासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५खाली अर्ज, आणि त्यापाठोपाठ कचेरीच्या खेपा! मजुरी बुडवून खेपा घालणारा तो, आणि रकाना आखणारा मुंबई-पुण्यात स्वस्थ. शेतकऱ्याला नमुना भरावयास लावणाऱ्या प्रत्येक खात्याने हेक्टरशेजारी एकर दाखवावा, गटाच्या क्षेत्राहून मोठा आकडा स्वीकारूच नये, आणि दाखल करण्यापूर्वी गट, पीक, क्षेत्र मराठीत वाचून ऐकवावे. येत्या खरिपाच्या पेऱ्याआधी एवढे व्हावयास हवे.