आईच्या पाटल्या

धाकट्या भावाला लहानपणापासून इसब आहे. 2020 साली डोंबिवलीच्या एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा लोक फोटो काढायला धावले. आमची आई खिडक्या लावून घेत होती. (सारा दोष हवेचा, असे मी म्हणत नाही, हा विकार पुष्कळदा घराण्यातूनही येतो.) परवा कुणी तिच्या हाती ठाण्यातल्या एका दवाखान्याचे पत्रक दिले. मूलपेशींचे, म्हणजे स्टेम सेलचे, इंजेक्शन घ्या, रोग समूळ नष्ट! तिने पाटल्या काढून ठेवल्या.

यामागचे शास्त्र थोतांड नव्हे. या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणा नाहक भडकते. मूलपेशींतून स्रवणारी द्रव्ये तिला शमवतात, नियामक टी-पेशींना बळ देतात, असे प्रयोगांत दिसते. त्या नियामक पेशींवरील संशोधनाला 2025 चे नोबेलही मिळाले. पण प्रयोग म्हणजे उपचार नव्हे! आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, रक्ताच्या विकारांतील अस्थिमज्जा-रोपणासारखे मान्य उपचार सोडल्यास मूलपेशी केवळ रीतसर चाचणीतच वापराव्यात, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. तेव्हा जिथे पाटल्या मोडाव्या लागतात, तिथे पाऊलच ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आईला हे सांगताना दोन रात्री गेल्या. पाटल्या अजून कपाटाबाहेरच आहेत.