परवान्यातला वाचक

परीक्षा जवळ आल्या की एम.ए.च्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘एन-लिस्ट’चा कुणाचा तरी पासवर्ड फिरू लागतो. हा प्रकार गैरच आहे. महाविद्यालय वर्गणी भरते ती आपल्या विद्यार्थी-अध्यापकांपुरती. पासवर्ड वाटले, किंवा नियतकालिकाचे अंकच्या अंक उतरवून घेतले, तर प्रकाशक सबंध संस्थेचा प्रवेश बंद करू शकतो. निस्तरावे लागते ते बिचाऱ्या ग्रंथपालाला.

परंतु या धास्तीने अनेक अध्यापक जे रास्त आहे तेही टाळतात. स्वतःच्या अभ्यासासाठी लेख उतरवणे, वर्गात त्यातला उतारा चर्चेला घेणे, यात चोरी कसली? १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ अध्यापनाच्या ओघात काढलेल्या प्रतींना मोकळीक देते. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी दुकानावर २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी दावा लावला. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ही मोकळीक मान्य केली आणि २०१७मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. अर्थात तो वाद छापील पुस्तकांचा होता. ई-नियतकालिकांचा परवाना हा करार असतो, तो वेगळा वाचावा लागतो. आणि तो वाचतो कोण?

खरा प्रश्न कराराबाहेरच्या वाचकाचा आहे. वासुदेवशास्त्री खरे मिरजेत शाळामास्तर होते. पटवर्धनांच्या दप्तरातले कागद वाचून त्यांनी १८९७पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करायला घेतला. असा शाळामास्तर आज मिरजेत असेल, तर एकाही परवान्यात तो ‘अधिकृत वाचक’ ठरणार नाही. निवृत्त प्राध्यापकाची आणि पदवी घेऊन गावी परतलेल्या विद्यार्थिनीची गतही तीच. १ जानेवारी २०२५पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना सुरू झाली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. पण पहिला टप्पा केंद्र व राज्य सरकारांच्या संस्थांचा. सरकारच्या तिजोरीतून एवढी रक्कम जाते, तेव्हा करदात्या वाचकाला दार बंद का?

परदेशांतल्या कित्येक परवान्यांत, ग्रंथालयात येऊन बसलेल्या कोणत्याही वाचकाला तिथल्या संगणकावर वाचू देण्याची तरतूद असते. ‘एन-लिस्ट’च्या अटी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटमार्फत ठरतात. मिरज-सांगलीच्या महाविद्यालयांनी वर्गणीच्या धनादेशाबरोबर ही एक मागणीही तिकडे लेखी पाठवावी.