सहल ठरवा, पण आभाळाला आणि समुद्राला विचारून



आपल्या घरात सहलीचा विषय निघाला की पहिला हिशेब पैशाचा होतो आणि दुसरा रजेचा. एस.टी.चे भाडे किती, राहायचे कुठे, खाडे किती पडतील, मुलांची शाळा बुडेल का, हे सगळे बोलून होते. आभाळाचा हिशेब मात्र राहूनच जातो. मग वर्षभर डब्यात साठवलेले पैसे घेऊन कुटुंब किनाऱ्यावर पोचते आणि कळते की होड्या बंद आहेत, किंवा ऊन असे की आजी चक्कर येऊन बसली आहे. श्रीमंताची एक सहल फसली तर तो पुढच्या महिन्यात दुसरी काढतो. आपली फसली की पुढची दोन-तीन वर्षांनी. म्हणून आज रायगडच्या किनाऱ्याचा आणि महाडचा बेत ऋतू पाहून कसा आखावा, ते पाहू.

ऋतू पाहून प्रवास करणे आपल्याला नवे नाही. तथागतांनी भिक्खूसंघाला वर्षावास घालून दिला, त्यामागे अगदी व्यवहारातले कारण होते. पावसात भिक्खू हिंडत तेव्हा कोवळी पिके तुडवली जात आणि बारीकसारीक जीव मरत, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून पावसाचे तीन महिने एका जागी राहायचे आणि पाऊस सरला की चारिकेला निघायचे, असा नियम झाला. उत्तर जपानात साप्पोरो नावाचे मोठे शहर आहे. तिथे दर हिवाळ्यात सुमारे पाच मीटर बर्फ पडतो. तिथले लोक त्या बर्फाशी भांडत बसले नाहीत. १९५० पासून ते फेब्रुवारीत बर्फाच्या मूर्तींचा उत्सव भरवतात आणि जगभरचे प्रवासी तो महिना साधून तिथे जातात. आपल्या रायगड जिल्ह्यात बर्फ नाही, पण चार महिन्यांत दोन-तीन मीटर पाऊस कोसळतो. इथलाही बेत त्या पावसाभोवतीच बसवावा लागतो.

आधी पावसाळा. मेच्या अखेरीस समुद्र खवळू लागतो. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच तेव्हापासून साधारण ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. राजपुरीहून जंजिरा किल्ल्यात नेणाऱ्या शिडाच्या होड्याही पावसाळ्यात बंद. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, म्हणजे कोळी बांधवसुद्धा बोट वर ओढून ठेवतात. ज्याचे पोट समुद्रावर आहे तो जेव्हा समुद्रात जात नाही, तेव्हा आपण मुलेबाळे घेऊन जायचे नाही, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ झाले. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोठी रो-रो बोट मार्च २०२० पासून सुरू आहे. ती पावसातही चालते, पण हवा बिघडली की तिच्याही फेऱ्या रद्द होतात.

१७ जुलै १९४७ चा दिवस किनाऱ्यावरची जुनी माणसे विसरली नाहीत. आषाढ अमावास्येच्या तोंडावर गावी निघालेल्या कामगारांनी भरलेली 'रामदास' ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत वादळी लाटांनी उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. सणाला घरी पोचण्याची घाई आणि भर पावसाळ्यातला समुद्र, या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होते, ते त्या दिवशी दिसले.

जमिनीवरचा रस्ताही पावसात निर्धोक नसतो. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर दोन एस.टी. बस गेल्या. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पुरात बुडाले आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे बघायला या बाजूला येऊ नये. आपली अडचण अशी की पावसात नाक्यावर काम कमी असते, म्हणून नेमके तेव्हाच घरातली माणसे मोकळी असतात. माणसे मोकळी आणि किनारा बंद, असा हा पेच आहे. त्यावर उपाय एकच. ते रिकामे दिवस बेत आखण्यात आणि पैसे साठवण्यात घालवावेत आणि पाय बाहेर काढावा तो पाऊस सरल्यावर.

आता मार्च. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद झाली आणि २० तारखेला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्या दिवशी महाडला जावे, असे प्रत्येक घरात वाटते, आणि ते बरोबरच आहे. पण मार्चच्या उत्तरार्धात महाडला ऊन कडक असते. गाव समुद्रापासून आत, डोंगरांच्या कुशीत आहे. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे किनाऱ्यावर लवकर पोचतात, आत यायला त्यांना उशीर लागतो. जमिनीवरचा कोरडा वारा वाहत राहिला की कोकणातही पारा अडतीस-चाळीस अंशांवर जातो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हात झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा माणसे दगावली, ही रायगड जिल्ह्यातलीच घटना आहे. तेव्हा २० मार्चला जाणाऱ्यांनी रात्रीच्या गाडीने निघून पहाटे पोचावे, अभिवादन सकाळी नऊच्या आत करावे आणि दुपारी बारा ते चार सावलीत काढावी. माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला सुती फडके आणि मीठ-साखरेची पुडी बरोबर असू द्या. पांढरे सुती कपडे आपण घालतोच, उन्हातही तेच बरे. याच सुमारास शिमगा आला तर कोकणच्या गाड्या भरून जातात, म्हणून आरक्षण आधीच करावे.

ज्या घरात म्हातारी माणसे, तान्ही मुले किंवा गरोदर लेकसून आहे, त्यांच्यासाठी दुसरी तारीख आहे, आणि ती मानाने तसूभरही कमी नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. त्या प्रवासाचा बेत कसा आखला होता, तो ऐकण्यासारखा आहे. धरमतरपर्यंत बोटीने येऊन पुढे मोटारीने महाड गाठणे सोपे होते. पण मोटारवाल्यांनी ऐनवेळी नकार दिला तर माणसे वाटेतच अडकली असती. म्हणून बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे प्रतिनिधी २४ डिसेंबरला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले आणि २५ तारखेला दुपारी सावित्रीच्या खाडीतल्या दासगाव बंदराला उतरले. तिथून महाड पाच मैल. गाडी नाही मिळाली तर पायी जाता येईल, एवढे अंतर. ते पाच मैल सगळे चालत गेले. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद असत. डिसेंबरचा समुद्र शांत, बोट वेळेवर, हवा चालायला सोसणारी. वाहन मिळाले नाही तरी काम अडू नये, असा तो बेत होता. आपणही सहल ठरवताना एवढे विचारावे : ठरलेली गाडी चुकली तर दुसरी वाट कोणती?

डिसेंबर आणि जानेवारी हे या किनाऱ्याचे खरे महिने. पहाटे गारवा, दुपारी सोसेल असे ऊन, डोंगर अजून पुरते करपलेले नसतात. महाडला जाताना गावाच्या अलीकडेच, महामार्गाला लागून, गांधारपाले येथे डोंगरात सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत. पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून सकाळी जावे. पावसात याच पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात. तळा तालुक्यात मांदाडजवळ, राजपुरीच्या खाडीवर, कुडा लेणी आहेत. तिथे सव्वीस लेणी आहेत आणि शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत राजघराण्यातली माणसे आहेत, तसा माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे, लेखनिक आहे. आपल्या मुलांना ते मुद्दाम दाखवावे. हात राबवणाऱ्यांचीही नावे त्या दगडात आहेत. माणगावला रेल्वे आणि एस.टी. दोन्ही थांबतात, तिथून वाहन करून कुड्याला जाता येते. महाडसाठी कोकण रेल्वेचे जवळचे स्थानक वीर.

याच थंडीत रायगडात पोपटी लागते. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडके उलटे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. ओळखीचे घर असेल तर ती संध्याकाळ चुकवू नका. मात्र नाताळ ते नववर्ष या आठवड्यात अलिबाग, काशीद, मुरुडला खोल्यांचे दर फार चढतात. २५ डिसेंबरला महाड करून दुसऱ्या दिवशी लेणी बघून परतावे आणि समुद्रकिनारा जानेवारीतल्या एखाद्या आडवारी ठेवावा, हे खिशाला परवडते. शाळेमुळे जानेवारी जमत नसेल तर भाऊबीज उलटल्यावर दिवाळीच्या सुटीचा जो भाग उरतो तो घ्या. गर्दी ओसरलेली असते आणि समुद्र निवळलेला असतो. फक्त नोव्हेंबरात एखादे वादळ येऊ शकते. ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' याच किनाऱ्यावर आले. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळाने तर श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा जिल्ह्यासाठीचा इशारा बघावा. पिवळा असेल तर सावध राहा, नारिंगी असेल तर बेत पुढे ढकला, लाल असेल तर घरीच थांबा.

शेवटी भरती-ओहोटी. तिचे गणित ऋतूवर नाही, चंद्रावर आहे. किनाऱ्यावरच्या लोकांचा सोपा ठोकताळा असा : तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. तृतीयेला तीनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे रात्री आणि दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती आणि मधे, सकाळी साडेआठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी फार चढते आणि फार उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी पुरते ओसरत नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो. त्यासाठी थंडीतली तृतीया-चतुर्थीची सकाळ चांगली. ओहोटी सकाळी मिळते आणि उधाण जवळ असल्याने वाट बरी मोकळी होते. पौर्णिमेची ओहोटी संध्याकाळी येते, परतताना अंधार होतो. ठोकताळ्यात थोडा फरक पडतोच, म्हणून पाण्यात पाय घालण्यापूर्वी तिथल्या माणसाला वेळ विचारावी आणि पाणी फिरायच्या आत किनारा गाठावा.

हे विचारणे किती गरजेचे आहे, ते १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडला कळले. पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची चौदा मुले-मुली बुडाली. फेब्रुवारीचा महिना, पावसाचा पत्ता नाही. म्हणजे ऋतू चांगला असला तरी समुद्र विसरून चालत नाही. मुलांना गुडघ्याच्या वर पाण्यात सोडू नका, आणि घरातले एक मोठे माणूस पाण्यात न उतरता काठावर उभे राहून नजर ठेवील, असे आधीच ठरवा.

एक खर्चाची गोष्ट. एस.टी.त पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास आहे. आजी-आजोबा आणि घरातल्या बायका यांना घेऊन निघालात तर भाड्याचा बोजा बराच उतरतो. तेव्हा त्यांना घरी ठेवून जाण्याला आता पैशाचे कारण उरलेले नाही. बारा महिन्यांतले त्यांना सोसतील असे दिवस निवडा, आणि त्यांना चवदार तळ्याच्या काठी सावलीत निवांत बसू द्या.

जय भीम.