मन खंबीर ठेव म्हणजे नक्की काय करायचं?

आमच्या शनिवार पेठेत कुणाला कॅन्सर झाल्याचं कळलं, की भेटायला जाणारा शहाळ्याबरोबर एक सल्लाही घेऊन जातो. "मन खंबीर ठेवा, निम्मा आजार मनाचाच असतो." या वाक्याचा मला हल्ली राग येतो.

त्याला शास्त्राचा आधार आहे, असंही वर सांगतात. काही काळ तो होताही. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांनी १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये एक निबंध लिहिला. स्तनाचा कॅन्सर अंगभर पसरलेल्या ८६ स्त्रिया. त्यांतल्या काहींना वर्षभर दर आठवड्याला एकत्र बसवून मनातलं बोलू दिलं. त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९. जवळजवळ दुप्पट! (गंमत अशी, की मनाचा आयुर्मानाशी संबंध नाही हे दाखवायलाच ते निघाले होते.)

पण २००१ साली कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग झाला आणि आयुष्य काही वाढलं नाही. मग स्पीगेल यांनी स्वतः १२५ जणींवर तो पुन्हा केला आणि २००७ साली जाहीर केलं, की एकूणात फरक दिसत नाही. आपलंच गाजलेलं उत्तर पुन्हा तपासून त्यावर लाल शाई फिरवायची, याला मी तरी पैकीच्या पैकी मार्क देईन.

आमची मावसबहीण शेवटच्या महिन्यात मला म्हणाली, "ताई, माझंच मन कमी पडलं का गं?" आजार शरीराचा, आणि नापास झाल्याची लाज मात्र तिला. तिला भेटून गेलेले सगळे भल्या मनाचेच होते हो.

म्हणजे समुपदेशन फुकट का? मुळीच नाही. कॅनडातल्या त्याच प्रयोगात, ज्या आधीपासून खचलेल्या होत्या त्यांचा मानसिक त्रास आणि वेदना कमी झाल्या. महिने नाही वाढले, पण आहेत ते बरे गेले. औषधाकडून आपण एवढीच अपेक्षा ठेवली असती तर त्याला नावं ठेवली असती का?

आपल्या पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे. पेशंटचं दुखणं कमी करायचं, त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलायचं, हेच तिथलं काम, तेही मोफत. पण तिथे नेऊ या म्हटलं की घरचे दचकतात. "नको, तिला वाटेल आपण आशा सोडली."

तिला विचारलंत का, म्हटलं की गप्प.