पूर्वकथेचा वाचक आणि त्याची तक्रार

'प्रीक्वेल' या शब्दाला मराठीत अद्याप स्थिर पर्याय रूढ झालेला नाही. विद्यार्थी मूळ शब्दच वापरतात. प्रस्तुत लेखात 'पूर्वकथा' हा शब्द योजला आहे. मालिकेतील एखादी कृती आधी लिहिली व वाचली गेली, आणि तिच्याही आधीच्या काळाची कथा मागाहून लिहिली गेली, तर त्या मागाहूनच्या कृतीला पूर्वकथा म्हणावे. व्याख्या एवढीच पुरे. अशा कृतीविषयी वाचक जे बोलतात त्याकडे समीक्षेने कसे पाहावे, हा येथील प्रश्न आहे. समीक्षक लिहितो तो 'अभिप्राय' आणि वाचक बोलतो ती 'प्रतिक्रिया', असा एक अलिखित भेद आपल्या मराठी विभागांत पाळला जातो. पूर्वकथेच्या बाबतीत तरी तो टिकत नाही, असे माझे मत आहे.

उदाहरण अमीश त्रिपाठी यांच्या कादंबऱ्यांचे घेतो. १९७४ साली मुंबईत जन्मलेल्या या लेखकाची शिवत्रयी २०१० ते २०१३ या काळात इंग्रजीत प्रसिद्ध झाली. तिचा पहिला खंड मराठीत 'मेलुहाचे मृत्युंजय' या नावाने आला. या त्रयीतील मेलुहा हे राज्य रामाने घालून दिलेल्या नियमांवर चालते. राम हा तेथे केव्हाच होऊन गेलेला सातवा विष्णू आहे आणि त्याचे नाव आदराने, जवळजवळ दंडकासारखे, उच्चारले जाते. त्यानंतर लेखक मागे गेला. 'सायन ऑफ इक्ष्वाकु' (२०१५), 'सीता: वॉरियर ऑफ मिथिला' (२०१७), 'रावण: एनिमी ऑफ आर्यावर्त' (२०१९) आणि 'वॉर ऑफ लंका' (२०२२) हे या रामचंद्रमालिकेचे चार खंड. शिवत्रयीच्या दृष्टीने ही पूर्वकथा. अद्भुताचे एवढे मोठे विश्व रचून मग त्याच्या पायाकडे वळण्याचे, मराठी वाचकाच्या हाती आलेले इतके ठळक उदाहरण अलीकडे दुसरे नाही.

आमच्याकडे घाटकोपरला पदव्युत्तर वर्गात येणारी मुले पंतनगर, भटवाडी, असल्फा, रमाबाई आंबेडकर नगर अशा वस्त्यांतून येतात. कोणी ही पुस्तके मराठी अनुवादातून वाचलेली असतात, कोणी इंग्रजीतून, तर कोणी धाकट्या भावाकडून नुसती ऐकलेली. अभ्यासक्रमात ती नाहीत. पण 'निवेदन' हा घटक शिकवताना चर्चा हमखास तिकडे वळते आणि एरवी गप्प बसणारेही बोलू लागतात. त्या बोलण्यात एक गोष्ट मला वारंवार आढळली. 'शेवट ठाऊक आहे, मग वाचायचे कशाला?' अशी तक्रार जवळपास कोणीच करीत नाही. पाश्चात्त्य कादंबरीच्या चर्चेत उत्कंठेला जे स्थान दिले जाते, त्याच्या आधारे पूर्वकथा हा प्रकार मुळातच दुबळा ठरायला हवा. आपल्या वाचकाला तसे वाटत नाही, कारण शेवट ठाऊक असलेली कथा ऐकण्याची सवय त्याच्या घरात आहे. कीर्तनातल्या उत्तररंगात सीतास्वयंवर लागले तर धनुष्य कोण मोडणार, हे श्रोत्याला कळायचे बाकी नसते. बुवा ते कसे मोडवतात, एवढ्यासाठी तो बसलेला असतो.

मग तक्रार असते कशाची? ती असते जुळण्याची. शिवत्रयीत राम हा विष्णू म्हणून निर्विवाद आहे. रामचंद्रमालिकेत मात्र विश्वामित्र आणि मलयपुत्र यांची निवड सीता आहे आणि वसिष्ठांचा कौल रामाकडे. 'आधी तसे सांगितले, आता असे कसे?' हा प्रश्न विद्यार्थी ज्या चिडीने विचारतात, ती चीड मला वाङ्मयीन वाटते. उलट बाजूचा अनुभवही आहे. पहिल्या खंडात वनवासाचे कारण बदलले आहे. मिथिलेच्या रक्षणासाठी राम असुरास्त्र सोडतो. परवानगीवाचून असे अस्त्र वापरणे हा रुद्राच्या नियमाचा भंग आणि त्याला शिक्षा चौदा वर्षांच्या हद्दपारीची. ती तो स्वतःहून भोगतो. येथे वाल्मीकीची कथा मोडली, तरी वाचक रागावत नाहीत. नियमापुढे स्वतःलाही न वगळणारा हा राम मेलुहाचा संस्थापक शोभतो, असे त्यांचे म्हणणे पडते. त्याच खंडातील रोशनीच्या प्रकरणाचेही तसेच. अत्याचार करून तिचा जीव घेणाऱ्यांपैकी एकजण अल्पवयीन म्हणून कायद्याने मृत्युदंडातून सुटतो आणि राम कायद्याच्या बाजूने उभा राहतो. २०१२च्या दिल्लीतील घटनेची आठवण वाचकाला होतेच. राम येथे अनेकांना आवडत नाही, पण पटतो. 'आवडला नाही पण पटला' हे वाक्य एखाद्या प्रबंधात आले असते तर आपण त्याखाली रेघ ओढली असती.

या जातीच्या तक्रारीचा पूर्वज शोधायचा तर फार दूर जावे लागत नाही. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडाचा आरंभीचा मोठा भाग ही वस्तुतः पूर्वकथाच आहे. रावण मारला गेला, अभिषेक झाला, आणि मग अगस्त्य ऋषी अयोध्येत येऊन राक्षसकुळाची, रावणाच्या जन्माची, त्याच्या तपाची आणि दिग्विजयाची कथा सांगतात. हे कांड मागाहूनचे आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे रचनेच्या क्रमानेही ते पूर्वकथेच्या व्याख्येत बसते. ही कथा ऐकणारा श्रोता आहे स्वतः राम. तो निमूट ऐकत नाही. ऋषी इंद्रजिताच्या वधाची एवढी थोरवी का गातात, असे तो आधीच विचारतो. पुढे हनुमंताच्या सामर्थ्याचा विषय निघतो तेव्हा तो विचारतो, की हा एवढा बलाढ्य होता, तर सुग्रीवाचे वालीशी वैर जडले त्या वेळी याने वालीला जाळून का टाकले नाही? हा प्रश्न आमच्या वर्गातल्या कोणत्याही विद्यार्थ्याचा असू शकेल. अगस्त्यांचे उत्तर असे, की बालपणी आश्रमांत धुडगूस घातल्यामुळे ऋषींनी शाप दिला आणि हनुमंताला आपल्या बळाचा विसर पडला. कथेच्या दोन टोकांमध्ये उघडी पडलेली फट शापाने बुजवली आहे. ही सोय आहे, हे उघड आहे. पण प्रश्न दडपलेला नाही. तो मूळ कथेच्या नायकाच्याच तोंडी घातला आहे. पूर्वकथा रचणाऱ्या त्या अज्ञात कवीला आपल्या श्रोत्यांचे मन नेमके ठाऊक होते.

वाचकाभिमुख समीक्षा शिकवताना आपण हान्स रॉबर्ट याउसचे 'अपेक्षांचे क्षितिज' फळ्यावर लिहितो. संकल्पना उपयुक्त आहे, पण पूर्वकथेला ती तोकडी पडते. क्षितिज परंपरेने, वाङ्मयप्रकाराने, काळाने घडते. त्याला छेद देणारी कृती या विचारात श्रेष्ठ ठरू शकते. पूर्वकथेच्या वाचकाजवळ मात्र त्याच लेखकाचा आधी दिलेला शब्द असतो. तो मोडला तर वाचकाला नावीन्य भेटत नाही, आपल्याला फसवले असे वाटते. आणि विषय रामकथेचा असल्यामुळे वाचकाजवळ आणखी एक पोथी असते. ती वाल्मीकीची असतेच असे नाही. कोणासाठी ती गीतरामायण, कोणासाठी आजीने सांगितलेली गोष्ट, आणि आताच्या मुलांसाठी बहुधा १९८७-८८ची रामानंद सागर यांची दूरदर्शन मालिका, जी त्यांतल्या अनेकांनी २०२०च्या टाळेबंदीत घरच्यांबरोबर पाहिली. अशी दोन्ही हातांत दोन पुस्तके धरून तिसरे वाचणारा हा वाचक आहे. त्याला भाबडा म्हणणे सोपे आहे. मला तो दोन साक्षी तपासणाऱ्या न्यायाधीशासारखा दिसतो, निदान चांगल्या दिवशी.

दुसरी तक्रार पुनरावृत्तीची. मालिकेचे पहिले तीन खंड राम, सीता आणि रावण यांच्या वाटेने जाऊन एकाच प्रसंगाशी, सीताहरणाशी, पोहोचतात. तेच प्रसंग पुन्हा वाचावे लागले, असे विद्यार्थी कुरकुरतात. मराठी वाचकाला हा आकृतिबंध नवा नाही. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा व्यक्ती नऊ भागांत एकच जीवन सांगतात. तेथे पुनरावृत्तीची तक्रार मी क्वचितच ऐकली. फरक निवेदकाचा आहे. सावंतांकडे प्रत्येकजण 'मी' म्हणून बोलतो. त्याचा स्वर, त्याचा आंधळेपणा वेगळा असतो, निदान वेगळा राखण्याचा प्रयत्न असतो. अमीश यांच्याकडे तिन्ही खंडांत निवेदक तृतीयपुरुषी आणि एकाच धाटणीचा. दृष्टिकोन बदलल्याचे तो सांगतो. आवाज बदलत नाही. विद्यार्थी 'बोअर होतं' एवढेच म्हणतात. त्या दोन शब्दांमागे निवेदनतंत्राविषयीचे एक अचूक निरीक्षण आहे आणि ते उलगडून दाखवणे हे शिक्षकाचे काम आहे.

वि. स. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) हीसुद्धा कालक्रमाने कुरुकुळाची पूर्वकथा. परंतु तिला कोणी महाभारताशी जुळवून पाहत नाही, कारण खांडेकरांनी तसा शब्द दिलेलाच नव्हता. त्यांना त्या उपाख्यानातून आपल्या काळाची भोगलालसा दाखवायची होती. जवळचे उदाहरण गुजरातीत आहे आणि घाटकोपरमध्ये ते शोधायला शेजारचे दार ठोठावले तरी पुरते. कन्हैयालाल मुनशी यांची पाटणच्या सोळंक्यांवरील त्रयी 'पाटणनी प्रभुता'पासून (१९१६) सुरू होते, ती कर्णदेवाच्या अखेरच्या दिवसांत; आणि 'जय सोमनाथ' (१९४०) मागे जाते ते कर्णदेवाचा पिता भीमदेव याच्या काळात, गझनीच्या महमुदाच्या स्वारीकडे. जुन्या गुजराती घरांत ही पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत, लिहिल्या क्रमाने की घडल्या क्रमाने, यावर वाद ऐकायला मिळतो. मालिकेचा खरा वाचक येथे भेटतो. क्रमाविषयी मत असणे म्हणजे रचनेविषयी मत असणे.

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येतो. मेलुहात 'मैका' नावाची व्यवस्था आहे. मूल जन्मतः राज्याच्या स्वाधीन होते, त्याचा वर्ण त्याच्या गुणांवरून ठरतो आणि जन्म कोणत्या घरी झाला याला अर्थ उरत नाही. ही व्यवस्था रामाची, असे शिवत्रयी सांगते. पूर्वकथेवर त्यामुळे मोठे ओझे आले: जन्माधिष्ठित वर्ण नाकारणारा राम तिला घडवून दाखवायचा होता. अनेक वाचकांना हा राम मनापासून हवासा वाटतो. पण रमाबाई आंबेडकर नगरातून येणाऱ्या मुलांपैकी एकाने विचारले, 'मग शंबूक कुठे ठेवायचा?' वर्ग थांबला. शंबूकवधाची कथा उत्तरकांडातली, राज्याभिषेकानंतरची. सीताहरणापाशी थांबणाऱ्या खंडात ती नसण्याला कालक्रमाचे कारण सहज देता येते. एकाने ते दिलेही. प्रश्न विचारणाऱ्याचे त्यावरचे म्हणणे असे होते, की वनवासाचे कारण बदलता येते, तर कालक्रमाची सबब कशाला?

हा आक्षेप मला अजून पूर्णपणे खोडता आलेला नाही. ज्याच्या घरात डॉ. आंबेडकरांचे लेखन वाचले जाते, त्याच्या हातातली दुसरी पोथी सागर यांच्या मालिकेची नसते. 'रिडल्स इन हिंदुइझम' महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केले तेव्हा त्यातील राम व कृष्ण यांवरील प्रकरणावरून मुंबईत केवढे वादळ उठले, हे माझ्या पिढीला आठवते. त्या वादळाचा वारसा असलेला वाचक पूर्वकथेला विचारतो, की तू कोणाची आठवण पुसून आपला पाया घालतेस? येथे जुळणीचा प्रश्न रचनेपुरता राहत नाही. अगस्त्याने हनुमंताची फट शापाने बुजवली, तशी ही बुजत नाही. लेखकाला आदर्श राम निर्माण करण्याचा पूर्ण अधिकार आहे. वाचकालाही त्या आदर्शाची किंमत विचारण्याचा तेवढाच आहे. कादंबरी वाईट ठरवण्यासाठी तो मुलगा हे बोलला नव्हता. त्याने चारही खंड वाचले होते.

अशा चर्चेवर लघुप्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला 'विषय वाङ्मयीन नाही' असे सांगितले जाते, हे अनेक विभागांतले चित्र आहे. संत-पंत-तंत, मग नवकाव्य, मग ग्रामीण आणि दलित साहित्य, आणि अनुवादित लोकप्रिय कादंबरी कोठेच नाही, ही विषयांची यादी बदलायला हवी. मात्र नुसता 'वाचकांचा कल' मोजणारी प्रश्नावली वाटून हे काम होणार नाही. 'आवडले का? होय किंवा नाही' यातून काही हाती लागत नाही. वाचकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत टिपावे. त्याने मालिका कोणत्या क्रमाने वाचली, कोणत्या भाषेत वाचली, रामकथा त्याला प्रथम कोणाकडून कळली, याची नोंद असावी. भाषेची नोंद तर अत्यावश्यक आहे. रामाची कथा इंग्रजीतून मराठीत येते आहे, ही घटना आपल्या वाङ्मयेतिहासात किरकोळ नाही. अनुवादातला राम आणि त्याचे भाऊ आपसांत बोलतात ती मराठी ओव्यांतली नाही, नाटकातलीही नाही, आणि घरातली तर नाहीच. मराठीतून वाचणारे विद्यार्थी अडखळतात ते बहुतेक तेथेच, इंग्रजीतून वाचणारे तेथे अडखळत नाहीत. आणि पूर्वकथा 'जुळली' की नाही यावर या दोन गटांची मते का वेगळी पडतात, हा एका लघुप्रबंधाला पुरेसा विषय आहे.