बुडबुड्यातले औषध आणि आपला खिसा

२०२१ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या घराघरांत एक अवघड नाव पाठ झाले होते : अ‍ॅम्फोटेरिसिन. कोरोनातून उठलेल्या माणसाला, विशेषतः त्याची साखर वाढलेली असली तर, काळी बुरशी गाठायची आणि डॉक्टर हे इंजेक्शन लिहून द्यायचे. चिठ्ठी घेऊन फिरणाऱ्या नातेवाइकांच्या कानावर दोन शब्द पडत, 'साधे' आणि 'लायपोसोमल'. त्या धावपळीत फरक विचारायला सवड कोणाला होती? आज तो समजून घेऊ या.

आम्ही वर्गात मुलांना अंड्याच्या बलकाचे उदाहरण देतो. पाण्यात तेल टाकले तर ते वेगळे तरंगते. पण बलक घालून घुसळले की दोन्ही एकजीव होतात, कारण बलकात लेसिथिन असते. या स्निग्ध पदार्थाच्या कणाला एक डोके आणि दोन शेपट्या असतात. डोक्याला पाणी आवडते, शेपट्या पाण्यापासून पळतात. असे कण पाण्यात सोडले की शेपट्या आत लपवून दोन थरांचे पापुद्रे होतात आणि ते मिटून गोल बुडबुडे बनतात. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवतीचे आवरण याच जातीचे आहे. इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात असे बुडबुडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांनाच लायपोसोम म्हणतात.

अ‍ॅम्फोटेरिसिन बुरशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलला चिकटते आणि तिथे भोके पाडते. आपल्या पेशींत त्याच्याच नात्यातले कोलेस्टेरॉल असते. म्हणून थोडा मार आपल्यालाही बसतो : थंडी वाजून ताप येतो आणि मूत्रपिंडाला इजा होते. हेच औषध मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान अशा बुडबुड्याच्या आवरणात बसवले, की ते बुरशीपर्यंत जाते आणि मूत्रपिंडाला त्रास बराच कमी होतो.

आता हिशेब करा. लायपोसोमल औषधाचा नेहमीचा डोस दर किलो वजनाला रोज ५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या रोज, आणि तेही काही आठवडे. साधी कुपी काही शे रुपयांची, ही काही हजारांची. राज्य सरकारने हा आजार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घेतला, १२ जून २०२१ ला जीएसटी परिषदेने या औषधावरचा कर शून्य केला. तरी कितीतरी घरांत दागिने मोडले गेले आणि गल्लीगल्लीत वर्गणी निघाली. मूत्रपिंड वाचवणारे औषध कोणाच्या नशिबी यायचे, हे खिशाने ठरवले.

असेच व्हावे लागते का? बिहारकडे पाहा. तिथे वालुमाशीमुळे पसरणारा काळा आजार गरिबातल्या गरीब वस्त्यांत होतो. साध्या अ‍ॅम्फोटेरिसिनची एक दिवसाआड पंधरा इंजेक्शने, म्हणजे महिनाभर रुग्णालय आणि महिनाभर मजुरी बुडाली. लायपोसोमलचा एकच डोस शंभरातल्या सुमारे ९६ रुग्णांना बरे करतो, हे २०१० मध्ये तिथल्याच चाचणीने दाखवले. त्यानंतर कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेला कुप्या दान दिल्या, आणि सरकारी कार्यक्रमात मजुराला तेच महागडे औषध एका दिवसात, फुकट मिळू लागले. बुडबुडा तोच होता. बदलली ती माणसांनी केलेली व्यवस्था.

भगिनींनो आणि बंधूंनो, घरात असा प्रसंग आला तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. कुपीवरचे पूर्ण नाव वाचा, कारण साध्या आणि लायपोसोमलचे डोस वेगवेगळे आहेत. एकाचा डोस दुसऱ्याला लावला तर जीवावर बेतते. म्हणून दुकानदाराने बदलून दिलेली कुपी आधी डॉक्टरांना दाखवा. दुसरे, लायपोसोमल असले तरी क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी चुकवू नका. तिसरे, पैसे उभे करण्याआधी सरकारी योजनेची चौकशी करा. ती खैरात नाही, आपला हक आहे. आणि घरातल्या मधुमेहींची साखर आजच तपासून घ्या, त्याला फार खर्च येत नाही.