अंगमेहनत आणि व्यायाम

मराठीत 'अंगमेहनत' आणि 'व्यायाम' हे शब्द शेजारी नांदतात. पण त्यांचे वर्ग निराळे आहेत. न्हावाशेव्याच्या परिसरात हा भेद ठळक दिसतो. नवी मुंबई आणि १९८९ मध्ये सुरू झालेले बंदर यांसाठी येथील भातशेती, मिठागरे गेली. शेवा कोळीवाडा विस्थापित झाला. लावणी, मीठ ओढणे, जाळे खेचणे यांतून घडलेल्या शरीरांना व्यायाम ठाऊक नव्हता. त्या कष्टांचे उदात्तीकरण आम्हांस करावयाचे नाही. गुडघेही त्यांनीच झिजवले.

आज साठी-सत्तरीतील त्याच पिढीला 'पुन्हा तंदुरुस्त व्हा' असे सांगितले जाते. आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायाम हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला रास्तच आहे. आमचा आक्षेप 'पुन्हा' या शब्दाला आहे. त्यात शिस्त हरवल्याचा आरोप दडलेला असतो. वस्तुतः हरवली ती जमीन.

आणि चालावे कोठे? २०२४ मध्ये खुल्या झालेल्या सुमारे २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूवर पादचाऱ्यास मज्जाव आहे. बंदराकडचे रस्ते कंटेनरवाहनांचे. उतारवयातील तंदुरुस्तीला केवळ निश्चयाची कथा मानणाऱ्या लेखनाने आधी एक पायवाट मागावी, असे आम्हांस वाटते.